पटावर एकतीस, तुळईला पाच

माझ्या पहिल्या वर्गाच्या पटावर एकतीस मुलं होती आणि तुळईला पाच. पटावरची सात-आठ जण रोज कुठं ना कुठं उंडारायला गेलेली असत. तुळईवरच्या पाचांनी मात्र कधी दांडी मारली नाही. एवढी चोख हजेरी मला पुढं कुठल्याच शाळेत दिसली नाही, आणि ती कुठल्याच रजिस्टरात नोंदलेली नाही. म्हणून दिवाळी अंकाच्या निमित्तानं ती इथं नोंदवते. खात्याला माझ्यावर आता काही कारवाई करता येणार नाही, पेन्शन सुरू होऊन बरीच वर्षं झाली.

एकोणीसशे पन्नास साल उलटून थोडाच काळ झाला होता. माझे वडील बारामतीच्या कचेरीत कारकून. मी पुण्याला ट्रेनिंग करून आले आणि सांगवीच्या अंगाला, नीरेच्या डाव्या कालव्यावरच्या एका गावी माझी नेमणूक झाली. गावाचं नाव लिहीत नाही. त्या वेळची माणसं अजून आहेत आणि भांडायला खमकी आहेत. शाळेत मी पहिलीच बाई. पहिल्या दिवशी मी छत्री घेऊन पांदीतून निघाले तेव्हा वाटेत बसलेल्या म्हाताऱ्यांनी बोलणं थांबवून माझ्याकडं पाहिलं होतं. त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ही शिकवणार? हिचं तर आजून शिकायचं वय हाय." मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. नोकरीतलं हे माझं पहिलं शहाणपण.

बोर्डाची शाळा म्हणजे काय ते हल्लीच्या वाचकांना सांगायला हवं. दोन खोल्या, एक ओसरी, सात इयत्ता, चार शिक्षक. हे गणित जुळत नाही असं ज्याला वाटतं त्यानं बोर्डाच्या शाळेत शिकवलेलं नाही. माझ्याकडं पाचवी, सहावी आणि सातवी एकाच खोलीत होती. पाचवीला शुद्धलेखन घालायचं, सहावीला फळ्यावर गणित द्यायचं आणि तेवढ्यात सातवीला भूगोल सांगायचा. सातवीच्या शेवटी सरकारी परीक्षा असे, तिला सगळे 'फायनल' म्हणत. फायनल पास झालेला माणूस तलाठी होई, पोस्टात लागे, शिक्षक होई. गावात आजवर मुलगे फायनलला बसले होते. मुलगी एकही नाही. त्या वर्षी माझ्या सातवीत तीन मुली होत्या, आणि तिघींत हुशार होती हिरा.

हिराच्या बापाचं, मारुतीरावांचं, कालव्याखाली दीड एकर रान होतं. वांगी, मेथी, भेंडी. बाप माल घेऊन बारामतीच्या बाजारात, आई दिवसभर वाफ्यात. हिरा गणितात इतकी तरबेज की फळ्यावर मी आकडे मांडून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असे. पण ती यायची एक दिवसाआड. मी तिला रागावले, पुन्हा रागावले. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाले, "रोज यायचं नसेल तर फायनलचं नाव काढू नकोस." दुसऱ्या दिवसापासून हिरा रोज यायला लागली. पंधरा दिवस एकही खाडा नाही. माझी कॉलर ताठ झाली, म्हणजे चोळीला कॉलर असती तर झाली असती. तिच्या आईला शाबासकी द्यावी म्हणून मधल्या सुट्टीत मी त्यांच्या वस्तीवर गेले.

आई वाफ्यात खुरपत होती. बांधावरच्या बाभळीखाली एका गोधडीवर वर्षभराचं पोर झोपलेलं होतं. त्याच्या ओठावर माशी बसली होती आणि पोर हालत नव्हतं. मी ती हाकलली. दुसरी बसली, तरी हालेना.

"हा असा काय झोपलाय?" मी विचारलं.

"अफूचा कण देती सकाळच्याला," आई सहज म्हणाली. "दिसभर निजतंय. त्याबिगर हिरीला साळंत कशी धाडू? तीच सांबाळायची की त्याला. तुमीच रागं भरला न्हवं, रोज ये म्हणून?"

या पोराचं नाव दगडू. आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते, म्हणून याला दगडाचं नाव ठेवलं, देवाची नजर पडू नये म्हणून. त्या दगडूला माझ्यापायी अफू मिळत होती. मी हिराच्या हजेरीच्या पंधरा खुणा रजिस्टरात किती ठसठशीत काढल्या होत्या ते मला आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

मी म्हणाले, "उद्यापासून अफू बंद. याला हिराबरोबर शाळेत पाठवा."

"आन् त्याला काय शिकवणार?"

"रडता येतं का त्याला?"

"येतं की."

"मग पहिली इयत्ता झाली म्हणायची. पाठवा."

दुसऱ्या दिवशी हिरा दगडूला कडेवर घेऊन आली. आईनं आपलं हिरवं इरकली लुगडं दिलं होतं, विरलेलं, पण अजून मजबूत. आम्ही दोघींनी त्याची झोळी करून तुळईला बांधली. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात उभे. आमचे मुख्याध्यापक म्हणजे तात्या, इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे. भीमेकाठचा हाडाचा माणूस, बोलणं मोजकं, धोतर नेहमी पांढरंशुभ्र. त्यांनी झोळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. तात्या आत आले, बाकावर चढले आणि माझी गाठ सोडून त्यांनी स्वतः दुसरी मारली. खाली उतरून हात झटकत म्हणाले, "बाई, एखादा दिवस वर्ग ढिला चालला तर चालेल. गाठ ढिली चालणार नाही." आणि आपल्या वर्गावर निघून गेले.

महिन्याभरात झोळ्या पाच झाल्या. कारण घरोघरी एक-एक हिरा होतीच, फक्त ती शाळेत येत नव्हती. झोळीची दोरी बहिणीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. मुलगी पाटीवर हातानं लिहायची आणि पायानं भावाला झोका द्यायची. एकोणतीसचा पाढा सुरू झाला की पाचही पोरं झोपत. त्यात त्यांचा दोष नाही, मलाही झोप यायची. कुणी मोठ्यानं रडलं तर ओसरीवर न्यायचं, हा नियम. ओसरीवर तात्यांची पहिली-दुसरी बसे. त्यामुळे बऱ्याचदा तात्याच एका हातात छडी आणि दुसऱ्या हातावर पोर घेऊन बाराखडी म्हणून घेत असत. छडी वापरलेली मी फारशी पाहिली नाही.

असं सगळं छान चाललेलं असताना साहेब आले.

शाळा तपासणाऱ्या साहेबांना गावात 'दिपोटी' म्हणत. एरवी ते येणार म्हटलं की आठवडाभर आधी कळे. मग भिंती पोतारायच्या, अंगण सारवायचं, मुलांची नखं कापायची. हे साहेब मात्र न सांगता सायकलवरून येत. पन्नास-पाऊणशे शाळा आणि एक सायकल. कुणाच्या घरचं जेवण नाही, चहा नाही. सायकलीला बांधलेल्या डब्यातली भाकरी ते झाडाखाली बसून खात. त्यांच्याविषयी आज मला आदरच वाटतो. त्या दिवशी वाटला नाही.

ते दारात उभे राहिले आणि वर पाहिलं. पाच झोळ्या. त्यातल्या एकीतून पाय बाहेर आलेला.

"बाई, ही मुलं कोण?"

खरं सांगायला हवं होतं. पण माझी जीभ माझ्या आधी धावते, हा माझा जन्माचा दोष. मी म्हणाले, "पहिलीतली आहेत, साहेब."

साहेबांनी शांतपणे दगडूची झोळी उघडून पाहिली. दगडूनं त्यांच्याकडं पाहून लाळ गाळली. "याचं वय?"

"सहा पूर्ण," मी म्हणाले. आता मागं कसं फिरायचं?

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी शेरेबुक मागवलं. शेरेबुक म्हणजे प्रत्येक शाळेतली ती लाल कापडी बांधणीची वही, जिच्यात तपासणारा साहेब चार ओळी लिहितो आणि शिक्षकाची चार वर्षांची झोप उडवतो. त्यांनी लिहिलं: 'वर्गात तान्ही मुले आढळली. हे ताबडतोब बंद करावे.' वही मिटून ते मला बाजूला घेऊन गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, माझ्याच एका शाळेत असं एक मूल रांगत रांगत आडावर गेलं. शिकवणारा फळ्याकडं तोंड करून होता. त्याची नोकरी गेली. मूल तर गेलंच. तुम्ही फळ्याकडं वळता तेव्हा यांच्याकडं कोण बघतं?"

 जाताना त्यांनी तात्यांना सांगितलं की फायनलचे अर्ज सही करायला ते माघात पुन्हा येतील, सातवीची तोंडी परीक्षा घेतील, हजेरी बघतील, आणि मगच कुणाला बसवायचं ते ठरवतील.

झोळ्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी हिरा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी वस्तीवर गेले तर ती दगडूला पाठुंगळी बांधून मेथीच्या जुड्या बांधत होती. माझ्याकडं बघेना. तिची आई म्हणाली, "आता तुमीच सांगा बाई, साळा का अफू? दोनीतलं काय करू?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मी तात्यांकडं येऊन रडले. तात्या ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "मूल बघायला माणूस हवं, एवढंच ना? शाळेशेजारी मारुतीचं देऊळ आहे, सभामंडप रिकामा आहे आणि गावात म्हाताऱ्या ढीगभर आहेत." त्या संध्याकाळी तात्या घरोघर हिंडले. सगळ्या म्हाताऱ्या हो म्हणाल्या. सकाळी एकही आली नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरी जाईल.

इथं बाबूराव पाटकरी कथेत येतो. पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याची बारी लावणारा माणूस. कुणाच्या रानात कधी, किती वेळ पाणी सोडायचं हे त्याच्या हातात. गावात पाटलाला नमस्कार कमी आणि बाबूरावला जास्त. मिशा अशा की पोरं त्यांना भिऊन पलीकडच्या बाजूनं जात. तात्यांची अडचण त्यानं ऐकली आणि तंबाखू मळत म्हणाला, "गुरुजी, तुमी समद्यास्नी विचारत बसला, हितंच चुकलं. पाणी कुणाला विचारून देत्यात व्हय? बारी असती म्हणून पाणी मिळतं. म्हाताऱ्यास्नीबी बारी लावा."

आणि त्यानंच लावली. देवळाच्या खांबावर चुन्यानं यादी काढली. रोज दोन म्हाताऱ्या, सकाळपासून शाळा सुटेपर्यंत. बाबूरावनं चावडीवर उभं राहून जाहीर केलं, "जिची बारी चुकंल तिच्या वावराला पाणी शेवटाला." हे कुठल्या कायद्यात बसत होतं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सभामंडपात दोनऐवजी चार म्हाताऱ्या हजर होत्या. झोळ्या आता देवळाच्या खांबांना लागल्या, तात्यांनी पाचही गाठी पुन्हा तपासल्या, आणि हिरा वर्गात येऊन बसली. शाळा चालवायला बोर्ड लागतं, फळा लागतो, खडू लागतो हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते. पाटकरी लागतो हे त्या दिवशी शिकले.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. दगडू उभा राहायला लागला. देवळातून धरत धरत शाळेच्या ओसरीपर्यंत यायचा आणि मी हजेरी घेत असताना दारात बसून बघत राहायचा. दीड वर्षाचा व्हायला आला तरी एक अक्षर बोलत नव्हता. अफूचा परिणाम तर नसेल, या धास्तीनं मी त्याच्याकडं बघायचे. त्याच्या आईला हे मी कधी बोलून दाखवलं नाही. तीही मला बोलली नाही. पण तिलाही तीच धास्ती होती हे मला ठाऊक होतं.

आणि मग नेमकं साहेब यायच्या दिवशी कालव्याला पाणी आलं, ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी. बागायती गावात पाणी आलं म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळतं. एका बारीला चुकलं की पुढची बारी येईपर्यंत वाफा जळतो. शाळा भरली तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. देवळातल्या बारीची एक म्हातारी आधीच रानात गेली होती, दुसरी, तान्हाआजी, पाचही पोरं घेऊन वर्गात आली, "बाई, आमच्या वावराला पाणी सुटलंय, ही घ्या," म्हणाली आणि लुगड्याचा काचा मारत पळाली. हिराची जागा रिकामी होती. तिची आई एकटी काय करणार, हिरा पहाटेच पाण्यावर गेली होती. मी चौघांना खाली बसवून, दगडूला मांडीवर घेऊन रजिस्टर उघडलं आणि दारात सायकल वाजली.

साहेबांनी पाचही पोरांवरून नजर फिरवली.  माझ्या हातातलं रजिस्टर घेऊन ते सातवीची हजेरी स्वतः घ्यायला लागले. मुलांची नावं झाली. मग मुली.

"हिराबाई मारुती."

साहेबांनी रजिस्टरातून मान वर केली.

"हिराबाई मारुती?"

"हजल," माझ्या मांडीवरून आवाज आला.

दगडू बोलला होता. आयुष्यातला त्याचा पहिला शब्द. रोज हिराचं नाव घेतलं की पुढं काय म्हणायचं असतं ते त्यानं तीन महिने दारात बसून ऐकलं होतं. आज बहीण नाही, म्हणून त्यानं म्हटलं. मला इतका आनंद झाला की साहेब समोर उभे आहेत हे मी विसरले आणि त्याचे मुके घेत सुटले. मुलं हसत होती, मी हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

"हा तोच का?" साहेबांनी विचारलं. "सहा पूर्ण?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "मागच्या वेळी मी खोटं बोलले." आणि या वेळी सगळं खरं सांगितलं. माझं रागावणं, अफू, झोळ्या, देवळातली बारी, आणि आज आलेलं पाणी. साहेब देवळात गेले. खांबावरची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. परत आले आणि तात्यांना म्हणाले, "ती मुलगी कुठं आहे?"

"रानात, साहेब. पाण्यावर."

"चला."

मी वर्ग दुसऱ्या गुरुजींवर सोपवून दगडूला कडेवर घेऊन मागं निघाले. हिरा गुडघाभर चिखलात, हातात खोरं, दारं धरत होती. म्हणजे एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं मोडायचं. पलीकडच्या टोकाला तिची आई. बाबूरावही साहेब आल्याचं ऐकून येऊन उभा राहिला होता. हिरानं आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. साहेबांनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि बांधावर उभे राहिले.

"काम थांबवू नकोस," ते म्हणाले. "एक टाकी एका नळानं चार तासांत भरते. दुसऱ्या नळानं बारा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल?"

हिरानं एक वाफा बांधला, दुसरा मोडला. "तीन तास. पर साहेब, दोनीकडनं एकदम पानी सोडलं तर वाफा फुटंल."

तात्या दुसरीकडं बघायला लागले. मिशीत हसत होते.

"नीरा नदी कुठं उगम पावते?"

"भोरच्या डोंगरात. आन् इंदापूर तालुक्यात, नरसिंगपुराला भीमेला मिळती. साहेब, जरा सरका, तुमच्या पायाखालचं दारं मोडायचंय."

साहेब सरकले. सरकारी माणूस एका चौदा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर सरकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आणखी पाच-सहा प्रश्न झाले. तिनं एकही उत्तर चुकवलं नाही आणि एकही वाफा फुटू दिला नाही. मग साहेबांनी आईला विचारलं, "परीक्षेला पाठवाल ना? बारामतीला चार दिवस राहावं लागेल."

आईनं पदर सावरला. "त्याच दिसांत पानी आलं तर कसं करू, साहेब? वांगी जळत्याली."

बाबूरावनं घसा खाकरला. "मारुतीची बारी मी पुढं घीन. पोरगी जाऊंद्या, वैनी."

तिथंच, बांधावर, तात्यांच्या पाठीवर कागद ठेवून साहेबांनी हिराच्या अर्जावर सही केली. मी आनंदानं म्हणाले, "मग साहेब, आजची हजेरी लावते तिची." तर ते म्हणाले, "नाही बाई. वर्गात नव्हती. गैरहजर लिहा. तिची परीक्षा मी घेतली, ती वेगळी गोष्ट." मला राग आला, पण तात्यांनीही मान हलवली. मी शाळेत येऊन हिराच्या नावापुढं गैरहजेरीची खूण केली. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं: 'सातवीची तयारी समाधानकारक. देवळातील व्यवस्था पाहिली. चालू ठेवावी.' सरकारी 'समाधानकारक' म्हणजे काय हे ज्यानं नोकरी केली त्याला सांगायला नको. त्या शब्दावर आम्ही वर्षभर जगलो.

परीक्षेला तिघी मुली बारामतीत माझ्या वडिलांच्या घरी राहिल्या. आमच्या आळीत नुकता नळ आला होता. नळांची डझनावारी गणितं सोडवलेल्या हिरानं नळ तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिघी पास झाल्या, हिरा केंद्रात मुलींमध्ये पहिली. तात्यांनी शाळेत गूळ वाटला आणि दगडूच्या जिभेवर स्वतः खडा ठेवला.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

वय कमी म्हणून हिराला दोन वर्षं थांबायचं होतं, मग पुण्याला ट्रेनिंग, मग नोकरी. माझ्या शाळेतली माझी मुलगी शिक्षिका होणार, हे मी गावभर सांगत होते. दुसऱ्या वर्षी वैशाखात तिचं लग्न ठरलं, कऱ्हाटीच्या बाजूला, जिरायत गावात. मी तिच्या आईकडं धावत गेले. ती म्हणाली, "पोरगा चांगला हाय बाई. हिरीची पंधरा भरली. किती ठिवू?" तिचं चुकलं असं त्या काळी कुणी म्हणालं नसतं. पण माझी जीभ पुन्हा माझ्या आधी धावली. मी म्हणाले, "एकाला अफू देऊन झोपवत होतात, आता हिलाही दिलीत."

ती माऊली मेथीची जुडी बांधत राहिली. मी लग्नाला गेले नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि ते वाक्य तसंच राहिलं.

दशक सरता सरता मला कऱ्हाटीच्या पलीकडं एका गावी रजेच्या जागेवर महिनाभर पाठवलं. तिकडं कालवा नाही, आभाळाकडं बघून पेरायचं. असल्या गावात वरच्या वर्गांत मुली म्हणजे एक किंवा दोन, हे मला अनुभवानं माहीत. रजिस्टर उघडलं तर अकरा. मी चुकीचं रजिस्टर तर घेतलं नाही ना, म्हणून पुठ्ठा बघितला.

तिथल्या गुरुजींना विचारलं, तर ते ओसरीच्या टोकाकडं बोट दाखवत म्हणाले, "त्या आमच्या गावच्या सुनेची करामत आहे, बाई. पगार नाही, हुद्दा नाही. रोज येऊन बसते. बायकांच्या बाऱ्या लावल्यात तिनं."

ओसरीच्या टोकाला चार झोळ्या होत्या. एक हिरवी, इरकली. तिच्याखाली हिरा बसली होती, अंगठ्याला दोरी, मांडीवर एक पोर आणि समोर एका मुलीची पाटी, तिच्यावरचं गणित तपासत.

मला पाहून ती उठली, पाया पडली.  मी म्हणाले, "हिरा, तुझ्या आईला मी फार वाईट बोलले गं."

"आईनं सांगितलंय मला." ती हसली. "लग्नात हे लुगडं तिनंच पेटीत घातलं. म्हनली, बाई खोटं न्हाय बोलल्या. तितं पोरी साळंत येत न्हाईत म्हनं, हे घिऊन जा. गाठ मातर तात्या गुरुजींवानी मार."

मी वर पाहिलं. गाठ तशीच होती.

शाळेची घंटा झाली. मी वर्गात गेले आणि हजेरी घ्यायला लागले. मुलांची नावं झाली, अकरा मुलींची झाली, सगळ्या हजर. रजिस्टर मिटलं, पण खुर्चीवरून उठवेना. मग जे नाव त्या रजिस्टरात नव्हतं, ते मी मोठ्यानं घेतलं.

"हिराबाई मारुती."

वर्ग माझ्याकडं बघत राहिला. ओसरीवरची दोरी क्षणभर थांबली.

"हजर, बाई."